कॅथरीनसाठी रडणे चूक होते का?

सांगलीहून एका वाचक भगिनीने पाठवलेल्या पत्राचा मुख्य भाग आधी देते.

‘मी अठ्ठावन्न वर्षांची आहे आणि बँकेतून निवृत्त झाले आहे. आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा वाचकांची बैठक होते. या वेळी माझ्या सुचवण्यावरून अर्नेस्ट हेमिंग्वे यांची “अ फेअरवेल टू आर्म्स” ही कादंबरी घेतली होती. इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो, तरीही शब्दकोश जवळ ठेवून मी ती पूर्ण वाचली आणि शेवटच्या प्रकरणात मला रडू आवरले नाही. बैठकीत मी तसे सांगितले आणि तिथून सगळे बिघडत गेले. सैन्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले की या कादंबरीचा नायक पळपुटा आहे, वर खुनीही आहे, त्याच्या दुःखाने डोळे ओले करण्याचे कारण नाही. एका सरांना ही भाषा म्हणजे वाणसामानाची यादी वाटली. दुसऱ्या एका बाईंच्या मते शेवट मुद्दाम रडवण्यासाठी रचलेला आहे. पण मनाला लागले ते एका तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलीचे बोलणे. ती म्हणाली, “काकू, कॅथरीन ही बाई नाहीच, पुरुषाने स्वतःच्या सोयीसाठी केलेली बाहुली आहे. तुमच्या पिढीला अशा स्वतःला पुसून टाकणाऱ्या बायका आवडतात, म्हणून तुम्हाला रडू आले.” मला काहीच उत्तर सुचले नाही. पुढच्या बैठकीत याच पुस्तकावर उरलेली चर्चा व्हायची आहे आणि सुरुवात मी करायची आहे. मी भाबडेपणाने वाचले का? माझे मत मागे घ्यावे का? की जायचेच टाळावे? आणि चर्चा सोपी व्हावी म्हणून आधी चित्रपट दाखवला तर चालेल का?’

सप्रेम नमस्कार.

मत मागे घेऊ नका आणि बैठकही टाळू नका. तुम्ही भाबडेपणाने वाचलेले नाही. मात्र म्हणून बाकीच्यांनी चुकीचे वाचले असे होत नाही. तुमच्या पत्रात मला सर्वांत अधिक जाणवली ती गोष्ट वेगळीच आहे. तुम्ही प्रत्येकाचे मत जवळजवळ शब्दशः कळवले आहे, पण एवढ्या बोलण्यात कोणी पुस्तक उघडून एखादे पान वाचून दाखवले, असा उल्लेख एकदाही येत नाही. नायक पळपुटा की शहाणा, नायिका बाहुली की हाडामांसाची बाई, असे वाद पुस्तक मिटून घातले की ते बोलणाऱ्यांच्या वयावर, पेशावर आणि स्वभावावर घसरतात. तुमच्या बैठकीत नेमके तेच झाले आणि त्याचा फटका सर्वांत आधी मन मोकळे करणाऱ्या व्यक्तीला, म्हणजे तुम्हाला बसला. म्हणून मी जे सांगणार आहे ते बहुतेक सगळे पानांविषयी आहे.

या कादंबरीवरून वाचकांत तट पडणे नवे नाही. १९२९ च्या मे महिन्यापासून ती अमेरिकेत ‘स्क्रिब्नर्स मॅगझिन’ या मासिकात क्रमशः येऊ लागली आणि तिचा जूनचा अंक बॉस्टनच्या पोलिसांनी शहरात विकू दिला नाही, कारण लग्नावाचून एकत्र राहणारे आणि त्याची लाज न बाळगणारे जोडपे त्यांना सहन झाले नाही. त्याच सप्टेंबरात पुस्तक निघाले. इटलीत मुसोलिनीच्या राजवटीने त्याला येऊ दिले नाही. तिथे आक्षेप प्रेमाला नव्हता, पहिल्या महायुद्धात इटलीच्या झालेल्या कापोरेट्टोच्या पराभवाचे वर्णन हा इटालियन सैन्याचा अपमान आहे असे ठरवले गेले होते. फर्नांदा पिवानो या अनुवादिकेला १९४३ मध्ये याच पुस्तकाच्या अनुवादापायी अटक झाली. बॉस्टनला त्यातले प्रेम खुपले आणि रोमला त्यातले युद्ध. तुमच्याकडेही ती मुलगी प्रेमाच्या भागाशी भांडत होती आणि लष्करातले गृहस्थ युद्धाच्या भागाशी, आणि दोघांनाही एकमेकांचा भाग आपल्या प्रश्नाशी संबंधित वाटत नव्हता. मला ही कादंबरी मोठी वाटते ती हे दोन भाग जिथे एकमेकांत गुंततात त्या जागांमुळे, आणि तुमच्या बैठकीतल्या दोन्ही मोठ्या आक्षेपांचा निकाल लागायचा तो तिथेच.

आधी त्या मुलीचे म्हणणे घेऊ, कारण ते सर्वांत वजनदार आहे. तिच्या बाजूने पुरावा भरपूर आहे. मिलानच्या इस्पितळात परिचारिका असलेली कॅथरीन कादंबरीच्या नायकाला, म्हणजे इटालियन सैन्याच्या रुग्णवाहिका दलातल्या फ्रेडरिक या अमेरिकन अधिकाऱ्याला, सांगते की त्याला जे हवे तेच तिला हवे. पुढे अठराव्या प्रकरणात तर ती म्हणते की ‘मी’ म्हणून कोणी राहिलेलीच नाही, माझी वेगळी मूर्ती करू नकोस. पैसे घेणाऱ्या बायका पुरुषांशी काय बोलतात हे ती त्याला खोदून विचारते, कारण तेही आपण बोललो की त्याला दुसरी कोणी लागणार नाही. आजच्या मुलीला ही पाने वाचताना चीड येत असेल तर तो उतावळेपणा नव्हे. ज्युडिथ फेटर्ली या अमेरिकन समीक्षिकेने १९७८ मध्येच मांडले होते की कॅथरीनला इतके आदर्श करण्यामागे तिच्याविषयीचा दडलेला राग आहे आणि तिच्या मरणाने नायक सगळ्या जबाबदारीतून मोकळा होतो. म्हणजे ही मुलगी जे म्हणत होती त्याला जवळजवळ पन्नास वर्षांची समीक्षेची परंपरा आहे. तिने फेटर्ली वाचल्या नसतील तर तिचे कौतुक अधिकच करावे लागेल.

आता त्याच पुस्तकाचे सहावे प्रकरण काढा. दोघांची ओळख होऊन थोडेच दिवस झाले आहेत. कॅथरीन त्याला एक वाक्य म्हणायला लावते, की ‘रात्री मी कॅथरीनकडे परत आलो आहे’. तो निमूटपणे म्हणतो. मनात मात्र त्याचा हिशेब चालू असतो. ही बाई बहुधा थोडी भ्रमिष्ट आहे, पण अधिकाऱ्यांसाठी ठेवलेल्या वेश्यागृहात जाण्यापेक्षा हे बरे. हा ब्रिजसारखा एक डाव आहे, फक्त पत्त्यांऐवजी वाक्ये टाकायची. आपण वाचक त्याच्या डोक्यात बसलेले असतो, म्हणून तो हुशार आणि ती खुळी असे आपणही नकळत धरून चालतो. आणि पानाभरात कॅथरीनच त्याला सांगते की आपण खेळतो आहोत तो खेळ फार वाईट आहे. तू चांगला मुलगा आहेस, तुला जमेल तितका चांगला खेळतोस, पण खेळ वाईटच आहे. तिला सारे पहिल्यापासून दिसत होते. आपण ज्याच्या नजरेने तिच्याकडे पाहत होतो, त्याला आणि आपल्याला ते दिसत नव्हते.

ते वाक्य तिला फ्रेडरिककडून ऐकायचे नव्हतेच. आठ वर्षे वाङ्‌निश्चय झालेला तिचा मित्र फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत मारला गेला होता आणि कातडे गुंडाळलेली त्याची वेताची छडी हातात घेऊनच ती कादंबरीत प्रथम आपल्यासमोर येते. त्याला जे हवे होते ते आपण दिले असते, त्याच्याशी लग्नही केले असते, पण तेव्हा काही कळत नव्हते, हे ती पहिल्याच भेटीत सांगते. तो कधीतरी तलवारीचा वार झेलून, डोक्याला पट्टी बांधलेला असा आपल्याच इस्पितळात येईल, असे एक बालिश चित्र मनात धरून ती परिचारिका झाली होती. प्रत्यक्षात तोफगोळ्याने त्याच्या चिंधड्या उडाल्या. एकदा राखून ठेवले आणि सगळे गमावले, म्हणून या वेळी काहीही राखायचे नाही, असा निश्चय केलेल्या बाईचे बोलणे म्हणून अठरावे प्रकरण पुन्हा वाचून पाहा. तिने ‘मी’ सोडून देण्यामागे केवळ पुरुषाची सोय नाही, युद्धाने शिकवलेला एक भयंकर धडाही आहे. याच प्रकरणात फ्रेडरिक लग्नाचा विषय काढतो तेव्हा नकार तीच देते, कारण लग्न झाल्याचे कळले की नियमाप्रमाणे तिला तिथून दूर पाठवतील. लोक काय म्हणतील याची पर्वा तिच्यापेक्षा त्यालाच अधिक आहे.

तरीही एक गोष्ट तुम्ही मोकळेपणाने मान्य करावी असे मला वाटते. स्वित्झर्लंडमधल्या प्रकरणांत हेमिंग्वे यांनी कॅथरीनच्या वाट्याला फार थोडे ठेवले आहे. त्याने दाढी वाढवावी, आपण केस कापून त्याच्याइतके करावेत, म्हणजे दोघे सारखेच दिसतील, अशा बोलण्यात महिने जातात, आणि सहाव्या प्रकरणात एका वाक्याने डाव उधळणारी ती बाई तिथे क्वचितच डोके वर काढते. तिथे ती मुलगी बरोबर आहे. लेखकाच्या आयुष्याकडे पाहिले तर तिचे म्हणणे आणखी बळकट होते. हेमिंग्वे ८ जुलै १९१८ रोजी पिआवे नदीकाठच्या फोसाल्ता गावाजवळ, रेड क्रॉसच्या सेवेत सैनिकांना चॉकलेट आणि सिगारेटी वाटत असताना जखमी झाले. त्यांना एकोणीस वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. मिलानच्या इस्पितळात ते अॅग्नेस फॉन कुरोव्स्की या परिचारिकेच्या प्रेमात पडले, आणि १९१९ च्या मार्चमध्ये तिचे नकाराचे पत्र आले. ती त्यांच्याहून सात वर्षांनी मोठी होती. पुढे ती १९८४ पर्यंत जगली. जी सोडून गेली तिच्यावरून, कधीही सोडून न जाणारी आणि शेवटी मरणारी नायिका घडावी, याचा विचार आपण करायलाच हवा. मात्र चरित्रातून कादंबरीचा सगळा उलगडा होतो असे म्हणू नका. सहावे प्रकरण त्या पत्रातून आलेले नाही.

लष्करातल्या गृहस्थांचे म्हणणेही झटकून टाकण्यासारखे नाही. २४ ऑक्टोबर १९१७ रोजी जर्मन आणि ऑस्ट्रियन फौजांनी कापोरेट्टोजवळ, म्हणजे आजच्या स्लोव्हेनियातल्या कोबारीदजवळ, हल्ला चढवला आणि इटलीची फळी फुटली. अडीच लाखांहून अधिक सैनिक कैद झाले, उरलेले पावसाचिखलातून पिआवे नदीपर्यंत मागे हटले. सरसेनापती लुइजी कादोर्ना यांनी सारा दोष आपल्याच सैनिकांच्या भ्याडपणावर टाकला. त्यांच्या काळात शिस्त बंदुकीच्या जोरावर चालत असे. त्या युद्धात इटालियन लष्करी न्यायालयांच्या निकालांनी साडेसातशेच्या आसपास सैनिकांना गोळ्या घालण्यात आल्या, आणि न्यायालयावाचून मारले गेलेले याहून वेगळे. हेमिंग्वे तेव्हा इटलीत नव्हते, अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या वर्तमानपत्रात नव्याने लागलेले बातमीदार होते. त्यांनी ती माघार नंतर वाचून, ऐकून आणि नकाशे पाहून उभी केली, आणि इतकी खरी उभी केली की तिच्यावर बंदी घालावीशी वाटली.

आता एकोणतिसावे आणि तिसावे प्रकरण शेजारी ठेवा. एकोणतिसाव्यात फ्रेडरिकची रुग्णवाहिका चिखलात रुतते. वाटेत गाडीत घेतलेले अभियंता दलाचे दोन सार्जंट चाकांखाली घालायला फांद्या तोडण्याचे नाकारून चालू लागतात. तो हुकूम देतो, ते थांबत नाहीत, तो गोळ्या झाडतो आणि एकाला पाडतो. बोनेल्लो हा त्याचा चालक फ्रेडरिकचेच पिस्तूल घेऊन त्या जखमी माणसाला संपवतो. यानंतर फ्रेडरिक आपल्याला त्याविषयी पश्चात्तापाचा एक शब्द सांगत नाही. तिसाव्या प्रकरणात टाल्यामेंटो नदीच्या पुलाशी लष्करी पोलीस माघारी येणाऱ्या गर्दीतून अधिकाऱ्यांना बाजूला काढतात, तुमची पलटण कुठे आहे एवढे विचारतात आणि गोळी घालतात. केस पिकलेल्या एका लेफ्टनंट कर्नलला मायभूमीच्या पवित्र मातीविषयी व्याख्यान ऐकवले जाते आणि मग मारले जाते. फ्रेडरिक या चौकशी करणाऱ्यांविषयी लिहितो की स्वतःला काही धोका नसताना इतरांना मरण वाटणाऱ्या माणसांची कठोर न्यायावर जशी सुंदर अलिप्त निष्ठा असते, तशी त्यांची होती. हे वर्णन आदल्याच प्रकरणातल्या त्याच्या स्वतःच्या कृतीला जसेच्या तसे लागू पडते, आणि ते त्याच्या लक्षात येत नाही. लेखकाच्या मात्र लक्षात आले होते, असे मी ठामपणे म्हणेन, कारण ही दोन प्रकरणे इतक्या जवळ योगायोगाने आलेली नाहीत.

तेव्हा तो खून खराच आहे, आणि जे वाचक ही केवळ एक हळवी प्रेमकथा म्हणून मिरवतात ते ती पाने गाळून वाचतात, एवढे श्रेय त्या गृहस्थांना द्या. मात्र ‘पळपुटा’ या शब्दावर थांबून त्यांना तिसावे प्रकरण पुन्हा वाचायला सांगा. जे सैन्य तो सोडून गेला ते त्याला पुलाशी गोळी घालणार होते, आणि त्याच्या परकी उच्चारांवरून तो इटालियन गणवेश घातलेला जर्मन ठरणार होता. नदीत उडी घेऊन तो वाचतो. पण सुटल्याचा आनंद त्याला होतो का? चौतिसाव्या प्रकरणात साध्या कपड्यांत आगगाडीत बसलेला फ्रेडरिक आपण सोंग घेतले आहे अशा अस्वस्थतेत आहे. डब्यातले वैमानिक त्याच्याकडे तुच्छतेने पाहणेही टाळतात, आणि शाळा बुडवलेल्या मुलाला या वेळी वर्गात काय चालले असेल हे जसे आठवत राहते, तसे त्याला आघाडीविषयी वाटते. युद्धाशी आपण स्वतंत्र तह केला असे तो म्हणतो खरा, पण तो तह त्याला पचत नाही.

इथे त्या मुलीच्या आक्षेपाकडे मी पुन्हा येते. कॅथरीन म्हणाली होती की ‘मी’ म्हणून कोणी राहिलेली नाही. टाल्यामेंटोनंतर फ्रेडरिकचीही तीच अवस्था झालेली आहे. त्याच्याकडे गणवेश नाही, काम नाही, ज्याच्यासाठी लढायचे ते सैन्य नाही, मित्र नाहीत, आघाडीवरच्या रिनाल्डी या डॉक्टर मित्राचे पुढे काय झाले हे कळायचा मार्ग नाही. स्ट्रेसाहून रात्रभर होडी वल्हवत ते सरोवरातून स्वित्झर्लंडला पोचतात तेव्हा दोघांनाही एकमेकांवाचून दुसरे काही उरलेले नसते. ती त्याच्यात विरून गेली हे जितके खरे, तितकेच तोही तिच्यावाचून रिकामा झाला हेही खरे, आणि त्या रिकामपणात बोलण्यासारखे फारसे काही नसते, हे त्या शेवटच्या सुखी महिन्यांतल्या पोकळ संभाषणांचे एक कारण असू शकते. ‘असू शकते’ असे म्हणते, कारण लेखकाने दोघांना कंटाळवाणे केले आणि त्यातही तिला अधिक केले, हा दोष यामुळे पुरता धुऊन निघत नाही.

भाषेविषयी सरांशी वाद घालू नका, फक्त सत्ताविसावे प्रकरण त्यांच्यासमोर ठेवा. गौरव, सन्मान, शौर्य असले मोठे शब्द ऐकून ऐकून फ्रेडरिकला त्यांची लाज वाटू लागली आहे, आणि गावांची नावे, रस्त्यांचे क्रमांक, पलटणींचे आकडे आणि तारखा एवढ्यांतच काही प्रतिष्ठा शिल्लक आहे असे त्याला वाटते. अशा माणसाने प्रेमाची आणि मरणाचीही हकिकत यादीसारखीच सांगावी, यात विसंगती काही नाही. ती वाचायला आवडावी अशी सक्ती अर्थात कोणावर नाही.

शेवट रडवण्यासाठी रचला आहे, असे त्या बाईंना वाटले. हेमिंग्वे यांनी १९५८ मध्ये छापून आलेल्या एका मुलाखतीत सांगितले होते की शेवटचे पान त्यांनी एकोणचाळीस वेळा लिहिले. पुढे बॉस्टनच्या केनेडी ग्रंथालयातल्या त्यांच्या कागदपत्रांत त्याचे सत्तेचाळीस वेगवेगळे शेवट मोजले गेले आणि २०१२ च्या आवृत्तीत ते छापलेही गेले. एकात बाळ जिवंत राहते, एकात देवाचा आधार आहे, आणखी काहींत आयुष्याविषयी सांत्वनपर विधाने आहेत. वाचकाला रडवणे किंवा निववणे सोपे जावे असे सगळे त्यांनी लिहून पाहिले आणि मग काढून टाकले. उरलेल्या शेवटच्या प्रकरणात लोझानच्या इस्पितळात कॅथरीन प्रसूतीच्या वेदनांत असताना फ्रेडरिक काय करतो, तर जवळच्या उपाहारगृहात जाऊन जेवतो. एका दिवसात तीनदा. शेवटच्या खेपेला हॅम आणि अंडी खाताना तो समोर बसलेल्या माणसाच्या वर्तमानपत्राची मागची बाजू वाचू लागतो. ब्रिटिश फळी फुटल्याची बातमी असते. समोरच्याच्या ते ध्यानात येते आणि तो पेपर दुमडून टाकतो. ज्या युद्धातून हा माणूस नदीत उडी मारून निसटला, ते त्याला आता परक्याच्या हातातल्या कागदाच्या पाठीवर दिसते आणि तेवढेही वाचायला मिळत नाही, आणि त्याच वेळी पलीकडे त्याचे जे एकमेव होते ते संपत चाललेले असते. मला या कादंबरीत प्रेम आणि युद्ध सर्वांत जवळ आलेले दिसतात ते या टेबलापाशी. रडवायचे असते तर कोणत्याही लेखकाने नायकाला खाटेशेजारून हलू दिले नसते.

आणि आता तुमचे रडणे. पत्रात तुम्ही शेवटचे प्रकरण एवढेच लिहिले आहे, कोणत्या ओळीशी डोळे भरून आले ते लिहिलेले नाही. ती ओळ शोधा. कदाचित कॅथरीन जे म्हणते तिथे असेल: मला मुळीच भीती वाटत नाही, हा फक्त एक घाणेरडा डाव आहे. सहाव्या प्रकरणात जिने खेळ ओळखला होता, तीच बाई एक्केचाळिसाव्या प्रकरणात मरणाकडे पाहून, तितक्याच सरळपणे, पुन्हा एकदा डावाला डाव म्हणते. तुम्ही रडलात ते या वाक्याशी असेल, तर स्वतःला पुसून टाकलेल्या बाईसाठी तुम्ही रडला नाहीत, पुसली न गेलेल्या बाईसाठी रडलात, आणि त्या मुलीला तुम्हाला द्यायचे उत्तर तेच आहे. ओळ दुसरी निघाली तर उत्तरही वेगळे निघेल, पण ते ओळ सापडल्यावरच.

बैठकीची सुरुवात तुमच्याकडे आहे, तर आपली बाजू मांडून सुरुवात करू नका. प्रत्येकाने आपल्या मताविरुद्ध जाणारे एक पान मोठ्याने वाचून दाखवायचे, असे ठरवा. पहिले पान तुमचे, आणि ते अठराव्या प्रकरणातले. ते वाचल्यावर, यातले मला काय खटकते, हे तुम्हीच सांगा. मग त्या मुलीकडे सहावे प्रकरण द्या, लष्करातल्या गृहस्थांकडे टाल्यामेंटोचा पूल, आणि शेवटावर आक्षेप घेणाऱ्या बाईंकडे उपाहारगृहातले जेवण. कोणाला मत बदलायला सांगू नका. पान वाचून झाल्यावर मत तसेच राहिले तर राहू द्या, पण आता ते त्या पानाला पुरून उरलेले मत असेल आणि त्यावर बोलता येईल. प्रकरणांचे क्रमांक आठवडाभर आधी सर्वांना कळवा, म्हणजे घाईत वाचलेल्यांना तेवढा भाग तरी पुन्हा नजरेखालून घालता येईल.

त्या मुलीशी मात्र बैठकीआधी एकदा एकटीने बोला, फोनवर बोललात तरी चालेल. तिच्या बोलण्याचा पहिला अर्धा भाग पुस्तकाविषयी होता आणि दुसरा तुमच्याविषयी. पहिला तुम्हाला बऱ्याच अंशी पटतो हे तिला सांगा, आणि मग स्पष्ट शब्दांत हेही सांगा की माझ्या पिढीवरून माझ्या रडण्याचे कारण तू ठरवावेस, हे मला आवडले नाही. तिला हे कोणीतरी सांगायला हवे, आणि चारचौघांत सांगितले तर ती ऐकून घेण्याऐवजी लढायला उभी राहील. ती तुम्हाला काकू म्हणते आहे, तुमच्यासमोर निर्भयपणे बोलते आहे. एवढा आपलेपणा असताना हे बोलणे जड जाऊ नये. तिने तुम्ही सुचवलेले पुस्तक शेवटपर्यंत वाचले आणि त्यावर चिडण्याइतके ते मनावर घेतले, ही गोष्ट तिच्याविषयी मत बनवताना विसरू नका.

राहिला चित्रपट. आधी दाखवू नका. फ्रँक बोर्झेगी यांनी १९३२ मध्ये गॅरी कूपर आणि हेलन हेज यांना घेऊन केलेला चित्रपट पाहण्यासारखा आहे, पण त्यात माघारीचा सारा भाग काही मिनिटांच्या दृश्यमालिकेत उरकला आहे, म्हणजे ज्या पानांवर तुमची चर्चा उभी राहायची तीच तिथे नाहीत. शिवाय त्या वेळी कॅथरीन जगते असा दुसरा शेवटही चित्रित करण्यात आला होता, आणि कोणता शेवट पाहायला मिळेल हे हाती येणाऱ्या प्रतीवर अवलंबून राहील. बैठक झाल्यावर, ज्यांना वेळ असेल त्यांनी मागे थांबून तो जरूर पाहावा.